सर्व्हर व्हर्जिनियात, टीम हिंजवडीत

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातल्या कुठल्याही आयटी ऑफिसात नवा माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी एक काम हमखास मिळतं: रेपो (प्रकल्पाचा सगळा कोड आणि त्याचा इतिहास) क्लोन करून घे, म्हणजे त्याची प्रत आपल्या मशीनवर उतरव. तो कमांड देतो, टक्के बघत बसतो, चहाला जाऊन येतो, तरी आकडा आपला ४१ वर. ऑफिसची लाइन एक गिगाबिटची, स्पीड टेस्ट झकास येते, आणि कोड मात्र ठिबकत ठिबकत उतरतो. आयटी सपोर्टवाले म्हणतात, "आमच्याकडून सगळं ओके आहे." बहुतेक वेळा ते खरंच बोलत असतात. घोळ अंतराचा असतो: टीम इथे, कोडचा सर्व्हर अमेरिकेत. त्यावरचा उपाय म्हणजे कोडची जवळ ठेवलेली, आपोआप ताजी होणारी प्रत, म्हणजे मिरर. हा लेख त्याबद्दल.

पुण्यापासून अमेरिकेतलं व्हर्जिनिया सरळ रेषेत मोजलं तरी जवळपास १३ हजार किलोमीटरवर आहे. (व्हर्जिनियाच का, तर डेटा सेंटरांची जगातली सगळ्यात मोठी दाटी त्या राज्याच्या उत्तर भागात आहे.) काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जायला ६५ मिलिसेकंद, यायला ६५. पण केबल काही सरळ रेषेत जात नाही. ती मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्रात उतरते आणि अरबी समुद्र, लाल समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र, युरोप असा वळसा घेऊन मग अटलांटिक ओलांडते. त्यामुळे एका जाऊन-येऊन फेरीला प्रत्यक्षात २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. यालाच लेटन्सी म्हणतात. लाइन कितीही महागडी घेतली तरी ती कमी होत नाही.

पाव सेकंदाहूनही कमी वेळ, त्याचं एवढं काय, असं वाटू शकतं. पण इंटरनेटवर डेटा पोचवणारा टीसीपी हा प्रोटोकॉल दर थोड्या वेळाने पोचपावतीची वाट बघतो. पोचपावती यायच्या आत किती डेटा वाटेवर असू द्यायचा, याला मर्यादा असते. तिला विंडो म्हणतात. समजा विंडो ६४ किलोबाइटची आहे आणि पोचपावतीला २०० मिलिसेकंद लागतात. मग सेकंदात पाचच वेळा ६४ किलोबाइट जाणार, म्हणजे ३२० किलोबाइट. लाइन एक गिगाबिटची असो की दहा, वेग तेवढाच, आणि एक जीबीचा रेपो उतरायला पाऊण तासाच्या वर. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिम विंडो बरीच मोठी करतात, म्हणून इतकी वाईट वेळ सहसा येत नाही. पण वाटेत एखादं पॅकेट हरवलं की विंडो आकसते आणि परत मोठी व्हायला अनेक फेऱ्या लागतात. फेरी जितकी लांब, तितकं हे सावरणं रेंगाळतं.

त्यात गिटचा, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाचा, स्वभाव पडला बोलका. फेच करताना, म्हणजे सर्व्हरवरून नवं ते आणताना, आधी कनेक्शन जुळतं, मग एन्क्रिप्शनची देवाणघेवाण होते, मग तुम्ही कोण ते तपासलं जातं. त्यानंतर सर्व्हर आपल्याकडच्या ब्रांच (कामाच्या समांतर शाखा) आणि टॅग (ठरावीक टप्प्यांना दिलेली नावं) यांची यादी देतो, तुमचा गिट "मला हे हवं, माझ्याकडे हे आहे" असं सांगतो, सर्व्हर काय काय द्यायचं ते ठरवतो आणि मग कुठे डेटा निघतो. नवीन काहीच नसलं तरी यातल्या बऱ्याच फेऱ्या होतातच. दहा मिलिसेकंदांवर असलेल्या सर्व्हरशी हे कळतसुद्धा नाही. २०० मिलिसेकंदांवर दर वेळी दोन-एक सेकंद जातात. पूर्वी तर सर्व्हर सगळ्या ब्रांच-टॅगची संपूर्ण यादी दर वेळी पाठवायचा, मागा किंवा नका मागू. गिटच्या प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि २०२० पासून आपोआप वापरली जाऊ लागली, तेव्हा कुठे हव्या तेवढ्याच ब्रांचची चौकशी करता येऊ लागली.

माणूस दिवसात पाच-दहा वेळा पुल करतो, म्हणजे नवा कोड ओढून घेतो. तेवढं सोसता येतं. खरा ताण येतो तो बिल्ड करणाऱ्या, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या मशीनचा. ऑफिसातली सीआयची (प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेची) वीस मशीन दर कमिटला (नोंदवलेल्या बदलाला), दर पुल रिक्वेस्टला (बदल मुख्य कोडात घ्या या विनंतीला), रात्रीच्या प्रत्येक टेस्टला रेपो मागत असतात, तोच तोच डेटा समुद्रापलीकडून पुन्हा पुन्हा ओढत असतात. अँड्रॉइडवर काम करणाऱ्यांना हे जास्त जाणवतं, कारण अँड्रॉइडचा सोर्स एका रेपोत नसून शेकडो रेपोंत विभागलेला आहे. म्हणूनच अँड्रॉइडच्या अधिकृत मार्गदर्शनात बँडविड्थ कमी असलेल्या ठिकाणी आधी एक स्थानिक मिरर बनवा आणि सगळ्यांना त्यावरून घेऊ द्या, असा सल्ला आहे. त्यांच्या 'रेपो' नावाच्या साधनात त्यासाठी खास पर्यायही दिलेला आहे.

आणि केबल तुटतात हेही आहेच. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबल तुटल्या तेव्हा भारतातल्या आयटी कंपन्यांची चांगलीच तारांबळ उडाली होती. २०२४ च्या सुरुवातीला लाल समुद्रात पुन्हा काही केबल तुटल्या. अशा दिवशी कोडची ताजी प्रत आपल्या शहरात असणं म्हणजे निदान बिल्ड तरी चालू राहणं.

कुठलीही प्रत चालते, कारण...

गिट लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स याने २००५ मध्ये लिहिलं. लिनक्स कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) वापरात असलेल्या बिटकीपर या साधनाचा फुकट परवाना काढून घेतला गेला, आणि आहे त्यात काहीच पसंत पडेना म्हणून त्याने स्वतःच बनवायला घेतलं. त्यात एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे मिररिंग जवळपास फुकटात मिळतं.

गिट प्रत्येक फाइलचा मजकूर, प्रत्येक फोल्डरची यादी आणि प्रत्येक कमिट हे ऑब्जेक्ट म्हणून साठवतो आणि त्याचं नाव त्याच्या मजकुरावरूनच काढतो. हे नाव म्हणजे ४० अंक-अक्षरांचा हॅश. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश पार वेगळा येतो. कमिटमध्ये फोल्डरच्या यादीचा हॅश असतो आणि आधीच्या कमिटचाही. त्यामुळे शेवटच्या कमिटचा हॅश जुळला की मागचा सगळा इतिहास जुळला असं धरता येतं. ऑब्जेक्ट एकदा बनलं की बदलत नाही. बदल झाला तर ते दुसरंच ऑब्जेक्ट. म्हणून ते व्हर्जिनियातून आलं, मुंबईतून आलं की शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपवरून आलं, काही फरक पडत नाही. हॅश काढून बघा, जुळला की झालं.

ऑगस्ट २०११ मध्ये कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं उघड झालं. लिनक्सचा सोर्स जिथून जगभर जातो तीच जागा! तरी कर्नलच्या कोडबद्दल फार घबराट झाली नाही याचं कारण हेच. जगभरच्या हजारो डेव्हलपरांकडे पूर्ण इतिहासासह प्रती होत्या. सर्व्हरवर कोणी जुन्या कमिटमध्ये गुपचूप ओळ घुसवली असती तर तिथून पुढचे सगळे हॅश बदलले असते आणि पहिल्या पुललाच बोंब झाली असती. (यासाठी वापरलेली एसएचए-१ ही पद्धत पुढे, २०१७ मध्ये, एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइल बनवून तोडून दाखवली गेली. गिटने लगेच अशी खोटी जोडी ओळखणारी आवृत्ती आत बसवली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

मग बदलतं काय? बदलतात फक्त रेफ. मेन, डेव्हलप, रिलीज ही जी ब्रांचची नावं आपण घेतो ती म्हणजे एकेका कमिटच्या हॅशकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी. मिररची सगळी डोकेदुखी या एवढ्याशा नोंदींमध्ये आहे. लाखो ऑब्जेक्ट कधीच शिळी होत नाहीत, "मेन आत्ता कुठे आहे?" याचं उत्तर मात्र शिळं होतं.

इथे मला सातबाऱ्याची व्यवस्था आठवते. उतारा तुम्ही कुठल्याही केंद्रावरून काढा, घरबसल्या काढा, जमीन तीच आणि नावं तीच. पण फेरफाराची नोंद धरायची ती एकाच दफ्तरात. उतारा देणाऱ्या प्रत्येक केंद्राने आपापल्या मनाने फेरफार घालायला सुरुवात केली तर गावात लाठ्या निघतील. कोडचंही तसंच: वाचायला जवळची प्रत, लिहायला एकच जागा. मिररच्या यशस्वी मांडणीत ही रेघ स्पष्ट असते, आणि फसलेल्या मांडणीत ती कुठेतरी पुसट झालेली असते.

मिररच्या आत

साध्यातला साधा मिरर बनवायला दोन कमांड पुरतात. गिट क्लोनला 'मिरर' हा पर्याय जोडायचा. जे फोल्डर तयार होतं त्यात तुमच्या जावा किंवा पायथनच्या फाइल दिसणार नाहीत. ऑब्जेक्ट्स, रेफ्स, हेड, कॉन्फिग असा गिटचा फक्त आतला संसार असतो. मग क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या साधनात) दर पाच मिनिटांनी रिमोट अपडेटची कमांड लावायची, सोबत 'प्रून' जोडायचा, म्हणजे तिकडे काढून टाकलेल्या ब्रांच इकडूनही निघतात.

'बेअर' आणि 'मिरर' या दोन पर्यायांत लोक नेहमी गल्लत करतात. फरक कॉन्फिग फाइलमधल्या एका ओळीत आहे. बेअर क्लोनमध्ये पुढच्या अपडेटसाठी काय आणायचं ते लिहिलेलंच नसतं. मिरर क्लोनमध्ये लिहिलेलं असतं की तिकडच्या सगळ्या रेफ जशाच्या तशा इकडच्या सगळ्या रेफवर आण: ब्रांच, टॅग, नोट्स, सगळं. आणि त्या ओळीच्या सुरुवातीला एक + चिन्ह असतं. त्याचा अर्थ: इकडे काहीही असलं तरी त्याच्यावरून लिही. हे चिन्ह लक्षात ठेवा, पुढे ते भोवणार आहे.

'सगळं' म्हणजे काय तेही कधी कधी महागात पडतं. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरून मिरर क्लोन घेतला की पुल रिक्वेस्टच्या अंतर्गत रेफही सोबत येतात. तोच मिरर दुसऱ्या गिटहब रेपोत मिरर-पुश करायला (जसाच्या तसा पाठवायला) गेलं की सर्व्हर त्या रेफ नाकारतो आणि स्क्रीनवर लाल ओळींचा पाऊस पडतो. ब्रांच आणि टॅग व्यवस्थित गेलेले असतात, पण कमांड अपयशी म्हणून संपते आणि रात्रीच्या जॉबचा मेल येतो. त्यावर उपाय म्हणजे ब्रांच आणि टॅग तेवढेच निवडून पाठवणं.

उलट, काही गोष्टी 'सगळं' म्हणूनही येत नाहीत. मोठ्या फाइल एलएफएसमध्ये (त्या वेगळ्या ठेवायच्या सोयीत) असतील तर मिररमध्ये येतात त्या फक्त चिठ्ठ्या. खरी फाइल वेगळी कमांड देऊन आणावी लागते. पुल रिक्वेस्टवरची चर्चा, इश्यू (नोंदवलेल्या अडचणी), परवानग्या, सर्व्हरवरचे हुक (ठरावीक घटनेला आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) हेही येत नाहीत, कारण ते मुळात गिटमध्ये नसतातच.

एक-दोन रेपोंसाठी क्रॉन छान चालतो. आठशे रेपो झाले की दर पाच मिनिटांनी आठशे वेळा "काही नवीन?" "नाही." हा संवाद चालू होतो आणि मुख्य सर्व्हर त्यानेच दमतो. याला दोन उत्तरं आहेत. एक, मुख्य सर्व्हरने स्वतःहून ढकलावं: गेरिट या कोड तपासणीच्या सर्व्हरचं रेप्लिकेशन (प्रती पसरवणारं) प्लगइन हेच करतं, रेफ बदलली की लगेच ठरलेल्या मिररांवर पुश. दुसरं उत्तर कर्नल डॉट ऑर्गचं आहे आणि मला ते जास्त आवडतं. तिथल्या कॉन्स्टंटिन रियाबित्सेव यांनी लिहिलेलं ग्रोकमिरर हे साधन मुख्य सर्व्हरवर एकच मॅनिफेस्ट फाइल ठेवतं. तिच्यात प्रत्येक रेपोचं नाव आणि त्याच्या सध्याच्या स्थितीचा ठसा असतो. मिरर ती एक फाइल बघतो आणि ज्यांचा ठसा बदलला तेवढेच रेपो ओढतो. शेकडो चौकशांचं काम एका छोट्या डाउनलोडमध्ये भागतं.

मी आत्ताच पुश केलं, दिसत का नाही?

लिहायचं व्हर्जिनियात, वाचायचं पुण्यात, असं ठरलं की पहिली तक्रार हीच येते. एकीने पुश केलं, शेजारच्याने लगेच पुल केलं, कमिट गायब. दोन मिनिटांनी आपोआप दिसतं. माणसांना हे समजावता येतं. मशीनला येत नाही.

सीआयमध्ये याचा चेहरा फार ओळखीचा आहे. पुश झालं, मुख्य सर्व्हरने वेबहुकने (आपोआप जाणाऱ्या निरोपाने) जेन्किन्स या बिल्ड चालवणाऱ्या साधनाला कळवलं की अमुक हॅशचा बिल्ड कर. जेन्किन्सने पुण्यातल्या मशीनला पिटाळलं, मशीनने जवळच्या मिररला तो हॅश मागितला, आणि मिररला अजून पत्ताच नाही. बिल्ड लाल, लॉगमध्ये "फेटल: रेफरन्स इज नॉट अ ट्री". डेव्हलपर चिडून रीट्राय दाबतो, आणि या वेळी हिरवा. अशा बिल्डला 'फ्लेकी' (कधी पास, कधी नापास) म्हणून सोडून द्यायची सवय लागते, ती मला सगळ्यात घातक वाटते, कारण मग खरोखर तुटलेला बिल्डही लोक एकदा रीट्राय करून बघतात आणि दिवस घालवतात.

सुटका दोन तऱ्हांनी होते. बिल्डची हाक मुख्य सर्व्हरने न मारता मिररने मारावी, कमिट हातात पडल्यावर. 'बिटबकेट डेटा सेंटर' या कोड-सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये मिररचं सिंक झाल्यावर सुटणारा वेबहुक खास यासाठी आहे. नाहीतर मिररने इतकं शहाणं असावं की आपण मागे आहोत हे कळलं की ती विनंती परस्पर मुख्य सर्व्हरकडे वळवावी. गिटलॅब या कोड-सर्व्हरचं जिओ (Geo) हे साधन तसं करतं. त्याच्या दुय्यम सर्व्हरकडे पुश केलं तरी ते आतून मुख्य सर्व्हरकडेच जातं, तुम्हाला कळतही नाही. कल्पना जुनीच आहे. गिटच्या आधीच्या सबव्हर्जन या साधनातही १.५ आवृत्तीपासून वाचन जवळच्या प्रतीतून आणि कमिट मुख्य सर्व्हरकडे, अशी प्रॉक्सी लावता येत होती.

दोन्हीकडे लिहू दिलं तर?

प्रत्येक आर्किटेक्चर मीटिंगमध्ये कोणीतरी हा प्रश्न काढतोच. पुण्यातला सर्व्हरही मुख्य, व्हर्जिनियातलाही मुख्य, दोघं एकमेकांना कळवत राहतील. ऐकायला बरं वाटतं.

आता सकाळी ११:०० ला पुण्यात कोणी मेनवर पुश केलं. मेन पुढे सरकला, नियमाप्रमाणे बरोबर. त्याच सेकंदाला व्हर्जिनियात रात्री जागणाऱ्या कोणी मेनवर वेगळं कमिट पुश केलं. तिकडेही नियमाप्रमाणे बरोबर. दोन्ही सर्व्हरांनी दोघांनाही "झालं" असं सांगितलं. आता मेन कुठला? कोणाचं तरी 'झालं' खोटं पडणार. गिटकडे मर्ज आहे, पण कुठला कोड बरोबर हे ठरवायला माणूस लागतो, आणि माणूस तर घरी गेला.

हे कागदावरचं भय नाही. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहब एक नादुरुस्त होऊ लागलेलं ऑप्टिकल उपकरण बदलत असताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं त्यांचं नेटवर्क केंद्र आणि मुख्य डेटा सेंटर यांचा संपर्क तुटला, अवघे ४३ सेकंद. तेवढ्यात देखरेखीच्या यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसना मुख्य करून टाकलं. पूर्वेकडे काही नोंदी अशा झाल्या होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या. दोन्ही खऱ्या. त्या गुंत्यातून पूर्ण बाहेर यायला २४ तास ११ मिनिटं लागली. आपल्याकडे तेव्हा २२ तारखेची पहाट होती, म्हणजे भारतातला अख्खा सोमवार त्यात गेला. गिटचे रेपो स्वतः शाबूत होते. गोंधळ इश्यू, पुल रिक्वेस्ट वगैरेंच्या डेटाबेसचा होता. पण दुखणं हेच.

यावर प्रामाणिक उपाय आहेत, पण किंमत मोजून. वॅनडिस्को या कंपनीने आणलेल्या गिट मल्टीसाइट या साधनात प्रत्येक पुशला बहुसंख्य सर्व्हरांची संमती लागायची. संमती घ्यायला समुद्र ओलांडावा लागतो, म्हणजे अशा मांडणीत लिहिण्याचा वेळ वाचत नाहीच. फक्त कुठलंही एक ठिकाण बंद पडलं तरी काम थांबत नाही. दुसरा उपाय जुन्या लोकांना आठवत असेल: क्लिअरकेस मल्टीसाइट या साधनात प्रत्येक ब्रांचची मालकी एका ठिकाणाकडे असायची. पुण्याची ब्रांच पुण्यात लिहायची, बॉस्टनची बॉस्टनमध्ये, आणि मालकी हवी असेल तर मागून घ्यायची. लोक त्याला शिव्या घालायचे, पण तत्त्व चोख होतं. माझं मत विचाराल तर ९० टक्के टीमना यातलं काहीच लागत नाही. पुश हा छोटा असतो, दिवसात मोजक्या वेळा होतो. त्याला दोन-तीन सेकंद लागले तर लागू देत.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

आता त्या + चिन्हाकडे, म्हणजे 'इकडे काहीही असो, तिकडचं लिही' या मिररच्या वृत्तीकडे. २२ मार्च २०१३ ला केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने आपला मुख्य गिट सर्व्हर ज्या यंत्रावर चालत होता ते सुरक्षा-अपडेटसाठी बंद करून पुन्हा सुरू केलं. फाइल सिस्टिम खराब झाली होती. त्यावरचे सुमारे १५०० रेपो बिघडले. घाबरायचं कारण नव्हतं, कारण जगभरात मिरर होते, आणि तोच त्यांचा बॅकअप समजला जात होता.

पण मिरर आपलं काम इमानेइतबारे करत होते. कुठले रेपो ठेवायचे याची यादी ते मुख्य सर्व्हरवरून घेत. ती यादीही बिघडली होती. मिररांनी यादी वाचली, त्यात बहुतेक रेपो नाहीत असं पाहिलं, आणि आपल्याकडचे रेपो सुद्धा पुसून टाकले. एका मिररवर नाही, एकामागून एक. शेवटी प्रकल्पाच्या दुसऱ्याच एका सर्व्हरवर ताजी प्रत शाबूत सापडली म्हणून केडीई वाचलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात जेन्किन्स प्रकल्पात उलट्या दिशेने असंच घडलं. एका डेव्हलपरच्या गेरिटमध्ये जुन्या प्रती होत्या. रेप्लिकेशन चालू झालं आणि त्या प्रती दीडशेहून अधिक रेपोंवर जबरदस्तीने पुश झाल्या. ब्रांच एकदम मागच्या काळात गेल्या. गिट जुनी ऑब्जेक्ट लगेच पुसत नाही, म्हणून हळूहळू सगळं परत मिळालं.

दोन्ही गोष्टींत कुठलंही साधन बिघडलं नव्हतं. मिररला "तिकडे जे असेल तेच इकडे" एवढंच शिकवलेलं असतं, मग तिकडे आग लागलेली का असेना. म्हणून मिररखेरीज रोजचा वेगळा बॅकअप हवा, काही आठवड्यांच्या जुन्या प्रतींसह, आणि तो मिररच्या यंत्रणेशी अजिबात न जोडलेला. मिररवर येणारी ऑब्जेक्ट तपासून घेण्याचं सेटिंग चालू करावं. गिटमध्ये ते आपणहून चालू नसतं. आणि सिंकच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ टाकावी: एका फेरीत ठरावीक संख्येपेक्षा जास्त रेपो किंवा ब्रांच पुसायची वेळ आली तर थांब आणि माणसाला उठव. ही ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात, आणि बहुतेक ठिकाणी ती नसते.

पुसण्याची दुसरीही बाजू आहे. कोणी चुकून एपीआय की (एखाद्या सेवेत प्रवेश देणारी गुप्त किल्ली) कमिट केली, मग इतिहास बदलून फोर्स पुश (जबरदस्तीने पुश) केलं आणि निश्चिंत झाला. मिररवर ते ऑब्जेक्ट तसंच पडून असतं. गिट कोणी वापरत नसलेली ऑब्जेक्ट सहसा दोन आठवडे तरी ठेवतो, आणि त्या मिररवर साफसफाई कधी चालवलीच जात नसेल तर कायमची. म्हणून ती किल्लीच बदलणं हाच इलाज. परवानग्यांचंही तसंच. मिरर स्वतःची वेगळी युजर-यादी ठेवत असेल तर नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश व्हर्जिनियात बंद होतो आणि पुण्यात चालू राहतो. मिररने दर वेळी मुख्य सर्व्हरच्याच परवानग्या विचाराव्यात. काही ग्राहकांच्या करारात कोड देशाबाहेर साठवायला मनाई असते. मिरर उभा करण्याआधी तो करार वाचावा, नंतर नको.

कुठे ठेवायचा, आणि ठेवायचाच का

ऑफिसातल्या सर्व्हर रूममध्ये मिरर ठेवायचे दिवस घरून काम सुरू झाल्यावर बदलले. आता सांगली, नाशिक, नागपूर, मडगाव, कुठूनही लोक काम करतात. भारतातला क्लाउड त्यासाठी बरा: ॲमेझॉनचा विभाग मुंबईत २०१६ पासून आहे आणि मायक्रोसॉफ्ट ॲझ्युअरचा सेंट्रल इंडिया विभाग तर पुण्यातच. पण त्याआधी व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट) तपासा. मी असं एक सेटअप पाहिलंय जिथे मिरर पुण्यात, डेव्हलपर कोथरूडमध्ये, आणि कंपनीचं व्हीपीएन अमेरिकेत. प्रत्येक पॅकेट कोथरूडहून अमेरिकेला जाऊन पुण्यात परत यायचं. मिररने काहीच फरक पडत नाही, अशी तक्रार होती. पडणार कसा?

मिररच्या आधी स्वस्तातले उपायही आहेत. सीआयला संपूर्ण इतिहास सहसा लागत नाही. शॅलो क्लोनमध्ये शेवटची काही कमिटच येतात. पार्शल क्लोनमध्ये इतिहास येतो पण जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच. बिल्ड मशीनवर एक जुनी प्रत कायम ठेवून नवीन क्लोनला तिचा संदर्भ दिला तर उतरवायचं उरतं फक्त कालपासूनचं. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा सोर्स २०१७ मध्ये गिटवर आणला तेव्हा तो सुमारे ३०० जीबीचा, ३५ लाख फाइलींचा आणि ४००० इंजिनिअरांचा रेपो होता. त्याची पूर्ण प्रत प्रत्येकाला देणं शक्यच नव्हतं. त्यांनी फाइल उघडली तरच ती आणणारी व्यवस्था लिहिली, आणि दूरच्या टीमजवळ कॅश सर्व्हर ठेवले. म्हणजे तिथेही शेवटी जवळ ठेवलेली ती वाचायची प्रतच.

दहा माणसं आणि दोनशे एमबीचा रेपो असेल तर मिररच्या नादी लागू नका. तो चालवणं हे एक काम आहे आणि ते कोणाच्या तरी अंगावर पडतं. मोठा रेपो, स्थानिक सीआय आणि पन्नासच्या वर माणसं, यातल्या दोन गोष्टी असतील तर मात्र तो लवकर वसूल होतो.

उभा केलाच, तर लोकांना रिमोटचा (दूरच्या सर्व्हरचा) पत्ता बदलायला सांगू नका. निम्मे विसरतात, उरलेले मिररवर पुश करायला जाऊन एरर खातात. गिटच्या कॉन्फिगमध्ये पत्ता परस्पर बदलणारं सेटिंग आहे: व्हर्जिनियाचा पत्ता दिसला की फेच मुंबईच्या पत्त्यावरून कर. पुशसाठी वेगळं सेटिंग आहे, तिथे व्हर्जिनियाच ठेवायचं. दोन ओळी लॅपटॉपच्या मूळ सेटअपमध्येच घातल्या की कोणाला काही शिकवावं लागत नाही. मिरर किती मागे आहे हे कळायला एका वेगळ्या छोट्या रेपोत दर मिनिटाला घड्याळाची वेळ कमिट करा आणि मिररवर ती किती उशिराने दिसते ते ग्राफवर ठेवा. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा उशीर झाला की त्या दोन ओळी काढणारी स्क्रिप्ट तयार असू द्या. मिरर बंद पडलेल्या दिवशी क्लोन सावकाश होईल, पण होईल.